चावी काढल्यावरही चालू राहणारी गाडी

तुमच्या बाबाच्या गाडीचे फोटो तुमच्याकडे आहेत. निळी, बसकी, दोनच दारांची गाडी आणि मागच्या अरुंद सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसलेले तुम्ही दोघं. फोटोत तिचा आवाज मात्र नाही, आणि मला जे सांगायचंय ते त्या आवाजाबद्दल आहे. मराठीत लिहितेय, कारण तुमची आई म्हणते की तुम्ही अजून मराठी वाचता. हळू वाचता, पण वाचता. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, नोकरीतली सगळी पत्रं मी इंग्रजीत लिहिली. घरातलं काही इंग्रजीत लिहायला घेतलं की ते ऑफिसच्या पत्रासारखं दिसायला लागतं.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते, कारण धाकट्याला तेव्हा नीट कळत नव्हतं. तुमचा बाबा त्या गाडीत गेला नाही. तो ऑफिसात, आपल्या टेबलाशी बसल्या बसल्या गेला. त्या दिवशी गाडी खाली पार्किंगमध्ये उभी होती, आणि आदल्याच दिवशी त्यानं तिची टाकी काठोकाठ भरून आणली होती.

ती टर्बो गाडी होती. टर्बो म्हणजे काय ते त्यानं मला स्वयंपाकघरात समजावलं होतं. मी पोळ्या लाटत होते आणि तो ओट्याला टेकून बोलत होता. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी वाया जातो. त्या धुरानं एक छोटा पंखा फिरवायचा आणि त्या पंख्यानं जास्तीची हवा इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पण तो पंखा धावताना लालभडक तापतो. गाडी थांबवून लगेच इंजिन बंद केलं तर त्याच्यातलं ऑइल जागच्या जागी जळतं. म्हणून त्यानं गाडीला एक टायमर बसवून घेतला होता. चावी काढली, दार लावलं, माणूस निघून गेला, तरी इंजिन थोडा वेळ आपलं आपण चालू राहायचं आणि मग थांबायचं.

"आई, धावून आलेल्या माणसाला आपण लगेच आडवं करतो का?" तो म्हणाला होता. "जरा येरझारा घालू देतो की नाही? तसंच."

तुम्हाला आमचं घर आठवतं. नवघरची जुनी इमारत, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि स्वयंपाकघराची खिडकी बरोबर पार्किंगच्या वर. गाडी फाटकातून आत वळली की मी चहाचं आधण ठेवायची. तो गाडी खांबाशेजारी लावायचा, चावी काढायचा आणि जिना चढायला लागायचा. खाली इंजिन चालूच असायचं. तो कठड्यावर चावी वाजवत वर यायचा, आणि इंजिन थांबायचं त्याच सुमारास दारावरची बेल वाजायची. थोडं मागेपुढे, पण जवळजवळ एकदमच. इतकी वर्षं ते असं चाललं की माझ्या कानांत त्या दोन गोष्टींची एकच गोष्ट झाली होती. इंजिन थांबलं म्हणजे तो दारात आला.

तो गेल्यावर तुमची आई तुम्हाला घेऊन कॅनडाला गेली. तिथली नोकरी तिला आधीच मिळालेली होती, आणि गेली ते बरंच केलं. घरात आम्ही दोघं राहिलो, खाली गाडी राहिली.

तुमच्या आजोबांना गाडी चालवता येत नाही. कधी शिकलेच नाहीत. पण उभी गाडी आठवड्यातून एकदा चालू केली नाही तर ती मरते, असं कुणीतरी त्यांना सांगितलं, आणि ते त्यांनी मनावर घेतलं. दर रविवारी सकाळी आंघोळ झाली की चावी घेऊन ते खाली जायचे, गाडीत बसायचे आणि इंजिन चालू करून दहा-पंधरा मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहायचे. गाडी जागची हलायची नाही. मग फडक्यानं काच पुसायची आणि वर यायचं.

पहिल्या रविवारी मला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मी कणीक भिजवत होते. खालून तो आवाज आला, तोच, जरा जाडसर, थरथरता. माझे हात परातीतच राहिले. पुष्कळ वेळ तो आवाज येत राहिला. मग थांबला, आणि बेल वाजली.

मी पिठाच्या हातांनी धावले आणि दार उघडलं. दारात तुमचे आजोबा. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"किल्ली घरात राहिली गं," ते म्हणाले. "म्हणून वाजवली."

त्यानंतर घराची किल्ली ते कधीच विसरले नाहीत. रविवारी वर आले की लॅच हळूच उघडून आत यायचे आणि सरळ हात धुवायला जायचे. 

टायमर मात्र आपलं काम करत होता. एका रविवारी आजोबा चावी काढून तिथूनच पेपर आणायला गेले. वॉचमन नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. तो तीन जिने चढून धापा टाकत आमच्या दारात आला.

"आंटीजी, जल्दी चलिए! साहब की गाडी में कोई नहीं है और गाडी चालू है! चाबी भी नहीं है अंदर!"

"घबराओ मत," मी म्हटलं. "अभी बंद हो जाएगी."

तो आणि मी दारातच उभे राहून ऐकत होतो. आवाज आला तसा बंद झाला. वॉचमननं दोन्ही हात जोडून जिन्याच्या दिशेनं नमस्कार केला आणि मला विचारलं, "पहले किसकी थी?" मी सांगितलं. तेव्हापासून त्याची खुर्ची त्या खांबापासून फाटकाकडे सरकली ती सरकलीच. मी त्याला हसले नाही. मलाही रविवार नको वाटायचा. रिकाम्या गाडीत चालू असलेलं इंजिन, मग ते थांबणं, आणि मग काहीच नाही. लॅचचा बारीकसा आवाज, बस.

गेल्या दसऱ्याला आजोबांनी गाडीला झेंडूचा हार घातला, बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि इंजिन चालू केलं. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं?"

"दिवा लागला," ते म्हणाले. "पेट्रोलचा."

मी म्हटलं, "मग घालू की पेट्रोल. वॉचमनला कॅन देऊन—"

"कुठलं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतके दिवस त्यांनी टाकीत एक थेंबही घातला नव्हता. घालावा लागलाच नव्हता. उभ्या गाडीला लागतं किती? दर रविवारी ते जे थोडं थोडं जाळत होते, ते त्यानं भरून ठेवलेलं पेट्रोल होतं. मला ते मनातून कुठेतरी माहीत होतं. त्यांनाही होतं. मी हार आणायच्या पिशवीची घडी घालत राहिले आणि ते सोफ्यावर बसून राहिले.

पेट्रोल कुठलं, हा प्रश्न मात्र खरा होता. तुमचा बाबा आपल्या इथल्या पंपावर कधी भरायचा नाही. शंभर ऑक्टेनचं, इथेनॉल न मिसळलेलं महागडं पेट्रोल मोजक्याच पंपांवर मिळायचं. त्यासाठी तो शनिवारी पार ठाण्याच्या पुढे जायचा आणि आजोबा म्हणायचे, "मुलाला दूध कुठलं पाजावं याचा एवढा विचार केला नव्हता आम्ही."

आणि त्याच आठवड्यात तुझा फोन आला, थोरलीचा. डिसेंबरात येतेय म्हणालीस. तुझ्याकडे तिकडचं लायसन्स आहे, इंटरनॅशनल परमिट काढतेयस, गिअरची गाडी शिकून घेतलीयस. आणि मग हळूच म्हणालीस, "आजी, मला बाबाची गाडी चालवायचीय. फक्त बसायचं नाही. चालवायचीय."

आजोबा माझ्या मागून म्हणाले, "चालव की." फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "आता काय करायचं?"

मी वाचायला लागले. कुठलंही काम हातात घेतलं की आधी त्याची नीट माहिती काढायची, ही माझी जुनी सवय. रसायनशास्त्र मला शाळेत आवडायचं, त्यामुळे इंधनाचा भाग समजायला जड गेलं नाही. हवेचा दाब वाढला की पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आधीच पेटू शकतं. तसं झालं की इंजिनाच्या आत ठोका बसतो, हातोडीनं मारल्यासारखा. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल दाबाला दाद देत नाही, ठिणगी पडेपर्यंत थांबतं. ठिणगी कधी पाडायची, पेट्रोल किती सोडायचं, टर्बोनं किती हवा कोंबायची, हे सगळं गाडीतला एक छोटा संगणक ठरवतो; आणि त्यानं काय ठरवावं याचे आकडे ज्यात असतात त्याला मॅप म्हणतात. तुमच्या बाबानं कंपनीचा मॅप काढून स्वतःचा घातला होता, त्याच्या त्या शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी. एवढं मला कळलं. पुढचं कळणारा माणूस एकच होता.

तुमच्या बाबाचा इंजिनिअरिंगचा मित्र. टक्कल पडलेला, मोठ्यानं बोलणारा, तुम्हाला दोघांना चॉकलेटं देऊन तुमच्या आईच्या शिव्या खाणारा. वरसाव्याला पुलाच्या अलीकडे त्याचं गाड्या ट्यून करायचं वर्कशॉप आहे. तो मॅप त्या दोघांनी मिळून केला होता. मी फोन केला तर म्हणाला, "काकू, मी तीन वर्षं तुमच्या फोनची वाट बघतोय. चालू करू नका, हात लावू नका, मी टोइंगवाला पाठवतो."

गाडी ट्रकच्या उघड्या हौद्यावर चढली. आम्ही दोघं रिक्षानं मागे निघालो. गोल्डन नेस्टच्या चौकात, काशिमिऱ्याच्या सिग्नलला, सगळीकडे ती आमच्या पुढे, वर, आमच्याकडे पाठ करून. आजोबा रिक्षावाल्याला सांगत होते, "भैया, उसके पीछे ही रहना." तो म्हणाला, "काका, वो कहाँ भागेगी, बंधी हुई है." त्यावर आजोबा हसले.

वर्कशॉपमध्ये त्यानं पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "वार्निश झालंय, काकू. पेट्रोल सडतं, लोकांना वाटतं नाही सडत." मग ऑइल मोजायची कांडी काढून तीही हुंगली. "आणि दर रविवारी उभ्या उभ्या चालू करत होतात ना काका? अर्धवट तापते, पेट्रोल नीट जळत नाही, ऑइलमध्ये उतरतं. काजळी धरते. त्यापेक्षा झोपू दिली असती तर बरं झालं असतं."

आजोबा गाडीपासून एक पाऊल मागे सरले. तो लगेच म्हणाला, "मरत नाही हो तेवढ्यानं. सगळेच करतात. माझे वडील स्कूटरला करायचे."

टाकी रिकामी करून पेट्रोल एका डब्यात काढलं. पिवळं, गढूळ. "हे फेकून देऊ ना?"

"घरी नेलं तर?" आजोबांनी विचारलं.

"काका, सोसायटीत पेट्रोल ठेवाल तर सेक्रेटरी तुम्हालाच बाहेर ठेवेल."

"मग फेकू नको. कशाला तरी वापर."

"पार्ट धुवायला वापरतो आम्ही."

"धुवायला चालेल," आजोबा म्हणाले, आणि एका मेकॅनिकनं कुणाच्या तरी मोटरसायकलचा कार्बोरेटर त्या पेट्रोलात बुडवून ब्रशनं घासायला घेतला, तो स्वच्छ होईपर्यंत शेजारी उभे राहिले.

मग त्यानं लॅपटॉप गाडीला जोडला आणि आम्हाला स्टुलांवर बसवलं. म्हणाला, "काकू, सीन असा आहे. गाडी नुसती उभी ठेवायची असेल तर काहीही घाला, रॉकेल सोडून. चालवायची असेल तर विचार करावा लागेल. हा मॅप जसाच्या तसा ठेवायचा म्हणजे तेच पेट्रोल आणायचं, आणि ते आता कधी असतं, कधी नसतं. पोरगी एक दिवस बाहेर जाईल, दिवा लागेल, समोर दिसेल त्या पंपावर घालेल. ती काय, कोणीही घालेल. आपल्या पंपांवर आता सगळं इथेनॉलवालं. त्याला पेट्रोल जास्त सोडावं लागतं, हा मॅप तेवढं सोडत नाही. वरून दाब एवढा. घोडबंदरचा चढ लागला, तिनं पाय दाबला, की पिस्टन गेला."

"दुसरं काय करता येईल?" मी विचारलं.

"कंपनीचा मॅप परत टाकायचा. सेफ आहे, पण जुना आहे, तोही या पेट्रोलसाठी बनलेला नाही. नाहीतर संगणकच नवा घालायचा आणि पेट्रोलच्या नळीत एक सेन्सर. इथेनॉल किती आहे ते तो मोजतो, त्याप्रमाणे संगणक सगळं बदलतो. कुठल्याही पंपावर भरा. नळ्या, सीलं बदलायची, टर्बोचा दाब उतरवायचा. मग ती मुलीसारखी वागेल."

"मुली कशा वागतात?" मी म्हटलं.

"सॉरी काकू. शहाण्यासारखी वागेल."

आजोबा इतका वेळ गाडीकडेच बघत होते. ते म्हणाले, "त्यानं ठेवलंय तसं राहू दे. पेट्रोल मी आणत जाईन ठाण्याहून. डब्यातून आणीन."

"अहो, किती दिवस?" मी म्हटलं.

"जमेल तितके दिवस." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "त्यानं केलेलं आता दुसरं काय राहिलंय गं आपल्याकडे?"

माझ्याही मनात तेच होतं. तुम्ही दोघं दूर. त्याचे कपडे तुमच्या आईनं देऊन टाकले होते, ते योग्यच होतं. राहिला होता तो हा आवाज, आणि तो त्या आकड्यांत होता. आणि दुसऱ्या बाजूला तू होतीस, अठरा वर्षांची, ती चालवायला निघालेली. मी वाचलं होतं की असली गाडी आधी काहीच करत नाही, काहीच करत नाही, आणि मग एकदम पाठीत धक्का मारून सुटते. वरसाव्याच्या पुलावर, ट्रकांच्या मध्ये.

मित्रानं बॉनेटमध्ये हात घालून आम्हाला एक वस्तू दाखवली. जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी, काळी, मधोमध एका बोल्टनं इंजिनावर आवळलेली. "याला नॉक सेन्सर म्हणतात. इंजिनाला लावलेला कान समजा. आत ठोका बसला की हा ऐकतो, संगणकाला सांगतो, संगणक ठिणगी मागे घेतो. ताकद जरा जाते, पण इंजिन वाचतं."

"मग झालं तर," आजोबा म्हणाले. "कान आहे ना? कुठलंही पेट्रोल घाल, तो सांभाळेल."

"सांभाळलं असतं, काका. पण तुमच्या चिरंजीवांनी त्याचं ऐकणं कमी करून ठेवलंय. मॅपमध्ये. म्हणायचा, हा सेन्सर घाबरट आहे, जरा खट् झालं की बोंब मारतो. मी भांडलो होतो त्याच्याशी, इथेच, या टेबलावर. तर मला म्हणतो, अरे काही होत नाही, मला कळतं माझं—"

तो मध्येच थांबला. लॅपटॉपकडे बघायला लागला.

त्या शेवटच्या आठवड्यात तुमचा बाबा जेवताना दोनदा छातीवर हात दाबून बसला होता. मी विचारलं तर ॲसिडिटी म्हणाला. डॉक्टरकडे जाऊन ये म्हटलं, तर गोळी तोंडात टाकून म्हणाला, "आई, काही होत नाही, मला कळतं माझं." मग ताटातलं सगळं संपवून उठला होता, मला बरं वाटावं म्हणून.

बाहेर हायवेवर गाड्यांचा आवाज चालू होता. आजोबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. तुमचा बाबा तसं म्हणाला तेव्हा तेही जेवायच्या टेबलाशी होतेच.

मी म्हटलं, "त्याचं ऐकणं पूर्ण चालू कर. नवा संगणक घालणार असशील तर त्यातही पहिलं ते कर. बाकीचं नंतर."

"हो काकू."

"जेवढं घाबरायचंय तेवढं घाबरू दे त्याला."

"हो."

आजोबांनी चष्मा घातला आणि मान हलवली. एवढं एकच ठरायचं होतं, ते ठरलं आणि नवा संगणकही ठरला.

बाकीचं मित्रानंच विचारलं. "काकू, एक आहे. आयडल, म्हणजे उभ्या गाडीचा जो आवाज असतो, तो त्यानं मुद्दाम खडबडीत ठेवला होता. म्हणून ती जरा थरथरते. मी नॉर्मल केला तर शिवणयंत्रासारखी चालेल. पण तो आहे तसा ठेवला तरी इंजिनाला धोका काही नाही. कसं करू?"

"आहे तसा ठेव," माझं तोंड उघडायच्या आत आजोबा म्हणाले.

मला तो आवाज हवा होता आणि नकोही होता. पण त्यांनी एवढं सोडून दिलं होतं, हे एक त्यांना मिळायला हवं असं मला वाटलं. मी म्हटलं, "ठीक आहे. मग तो टायमर काढून टाक."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, तो गाडीच्या भल्यासाठी आहे."

"काढू दे त्याला."

मित्र आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत म्हणाला, "काढला तर चालेल, काका. दाब उतरवल्यावर टर्बो तेवढा तापणार नाही. घर जवळ आलं की सावकाश चालवायची, फाटकापर्यंत येईतो निवते."

मला का नको होता ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. रविवारच्या सकाळी त्यांनाही तो रिकाम्या गाडीचा आवाज ऐकू येत असणारच, अर्ध्या जिन्यात, पाठीमागून.

तू आलीस तोवर गाडी तयार होती. पीयूसी, इन्शुरन्स सगळं मी नवं करून घेतलं होतं. पहिल्या दिवशी बाबाचा मित्र तुझ्या शेजारी बसला. फाटकातच तू दोनदा गाडी बंद पाडलीस. वॉचमन खुर्चीवरून उठून "मॅडम, आराम से, आराम से" करत रस्ता मोकळा करायला धावला. तुला वाटलं तो ट्रॅफिकमुळे घाबरलाय. आजोबा खिडकीत माझ्या मागे उभे राहून म्हणाले, "क्लच बघ कसा सोडतेय. बापासारखाच." त्यांना क्लच कुठला ते माहीत नाही.

तुम्ही वरसाव्यापर्यंत जाऊन आलात; बाबाचा मित्र फाटकाशीच उतरून गेला. तू परत येईपर्यंत मी भाजी निवडत होते. मेथीची जुडी होती, पानांबरोबर देठंही टाकत गेले. मग फाटकातून तो आवाज आत आला. तोच. जाडसर, थरथरता, खांबाजवळ येऊन वळला. मी उठून आधण ठेवलं. ठेवल्यावर कळलं की ठेवलं.

आणि गाडी थांबली. तू चावी फिरवलीस आणि आवाज तिथेच तुटला.

त्यानंतरच्या शांततेचा मी विचारच केला नव्हता. तुमच्या बाबाच्या वेळी ती नव्हतीच. तो जिना चढत असताना खाली इंजिन चालू असायचं, आणि इंजिन थांबायचं तेव्हा तो दारात असायचा. त्याच्या पावलांचा आवाज मी कधी नीट ऐकलाच नव्हता. आता गाडी त्याच्या आवाजात आली होती, थांबली होती, आणि कुणीतरी जिना चढत होतं. पहिला मजला झाला. पावलं घाईची नव्हती. मग कठड्यावर चावी वाजली. टण्, थोडं थांबून पुन्हा टण्. ते तुला कुणी शिकवलं? तू लहान असताना त्याच्या खांद्यावर बसून चढायचीस, तेव्हा ऐकलं असशील. की जिन्यावरून चढणारं कुणीही वाजवतं, हातात चावी असली की?

मी आधण खाली उतरवलं. हे सगळं मीच मागून घेतलं होतं. मला रिकाम्या गाडीतलं इंजिन नको होतं, आणि त्याच्या जागी ही शांतता आली होती. त्यात वर येणारा माणूस कोण, ते ठरलेलं नव्हतं. दुसरा मजला. मला माहीत होतं तू आहेस. पण बेल वाजली तर मी कशी धावेन, तेही मला माहीत होतं.

म्हणून बेल वाजायच्या आत मी दार उघडलं.

तू अर्ध्या जिन्यात होतीस. मान खाली घालून चढत होतीस, त्यामुळे मला फक्त केस दिसत होते आणि कठड्यावरचा हात. मग तू वर बघितलंस. म्हणालीस, "आजी, तुला कसं कळलं?" आणि मी म्हटलं, "गाडीचा आवाज आला."

तू होतीस तितके दिवस रोज असंच झालं. निघायच्या आदल्या दिवशी तू चिडून म्हणालीस, "आजी, तू मला एकदाही बेल वाजवू दिली नाहीस. बाबा म्हणायचा, तुझी बेल कोकिळेसारखी वाजते. मला परत एकदा ऐकायची होती." मी म्हटलं, "बॅटरी गेलीय बेलची." ते खोटं होतं. आजोबांनी पेपरमधून डोकं वर काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातलं.

आता रविवारी ते नुसतं इंजिन चालू करून बसत नाहीत. बाबाचा मित्र अधूनमधून येतो, त्यांना शेजारी बसवतो आणि पुलापर्यंत फेरी मारून आणतो. कुठल्या पंपावर पेट्रोल भरलं हे आजोबा मला आवर्जून सांगतात, जवळपासचाच एखादा पंप असतो. गाडीला ते चालतं. त्या छोट्या काळ्या कानाला कधीतरी ठोका ऐकू आला, की ती आपणहून जरा मऊ पडते, म्हणतो तो.

आणि गाडी खाली थांबली, की मी दार उघडून जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहते. आजोबांच्या खिशात लॅचची किल्ली असते, हे मला ठाऊक आहे. ते वळणावर येईपर्यंत मी कठड्याला धरून खाली बघत असते. मग त्यांचं टक्कल दिसतं. ते वर बघतात. मी चहा गाळायला आत जाते.